घरी सराव घ्यावा

भिंगरीच्या वहीत वर्गबाईंनी शेरा मारला होता : ‘शुध्दलेखन कच्चे आहे. घरी सराव घ्यावा.’ तिच्या वडिलांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि लेकीच्या चुकांना हात घालण्याआधी बाईंची चूक दुरुस्त केली. बाईंनी ‘शुद्ध’ लिहिताना अर्ध्या ध-ला द जोडला होता. खरं तर द आधी हवा आणि ध नंतर. वडिलांनी त्या शब्दाखाली पेन्सिलीनं नाजूक रेघ ओढली, समासात बरोबर शब्द लिहिला आणि खाली सही ठोकली.

“सही कशाला केलीस?” बायकोनं विचारलं.

“पालकांची सही हवी, असं लिहिलंय.”

“ती शेरा वाचल्याची. बाईंना नापास केल्याची नव्हे.”

“नापास कुठं केलं? फक्त दाखवून दिलं.”

“आता त्या बाई वर्षभर आपल्याला काय काय दाखवून देतील ते बघ,” असं म्हणून बायको उद्याचे कपडे काढून ठेवायला गेली. तिची ड्यूटी पहाटेची असायची. ती शहरात बस चालवायची, आणि पहिली बस डेपोतून बाहेर पडायची तेव्हा भिंगरी गाढ झोपेत असायची.

वडील मुद्रितशोधक होते. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा, आणि खरं सांगायचं तर तेच त्यांचं व्यसन. पूर्वी ते एका वर्तमानपत्रात होते. तिथं त्यांना सगळे ‘वेलांटीसाहेब’ म्हणत. तोंडावर आदरानं आणि पाठीमागे नुसतंच. पुढं मालकांनी मुद्रितशोधकांचं टेबलच उचललं आणि ते काम एका संगणकाच्या गळ्यात घातलं. संगणक चहा मागत नव्हता आणि संपादकांशी वाद घालत नव्हता, त्यामुळे सगळ्यांनाच बरं वाटलं. वेलांटीसाहेब घरी आले. आता औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, शाळेची पुस्तकं, हॉटेलांची मेनूकार्डं असं काहीबाही त्यांच्याकडे तपासायला यायचं, आणि ते जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून तपासायचे. पण ज्या माणसानं रोज अख्खं वर्तमानपत्र चाळणीतून काढलं, त्याचं तेवढ्यावर कसं भागणार? त्यांच्या हाताला खाज सुटली होती. अशा वेळी बाईंचा शेरा आला. त्यांना तो शेरा वाटलाच नाही. बढतीचा आदेश वाटला.

त्यांनी मन लावून तयारी केली. जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर वळणदार अक्षरात शब्द लिहिले आणि घरातल्या एकूण एक वस्तूवर चिकटवल्या. दूध, मीठ, पीठ, सुरी, खिडकी, खुर्ची, उशी, भिंत. बायको दुपारी घरी आली तर आरशावर ‘आरसा’ आणि त्याच्या खाली ‘प्रतिबिंब’.

“हे काय?”

“सहज. शब्द चांगला आहे.”

“माझ्या तोंडाखाली पाटी लावलीयस तू.”

पाटी निघाली, पण सराव सुरू झाला. रोज संध्याकाळी भिंगरी हातपाय धुऊन टेबलाशी बसायची, पाय अधांतरी हलवत, आणि वडील शब्द सांगायचे. पहिली वेलांटी म्हणजे ऱ्हस्व, दुसरी म्हणजे दीर्घ. पहिला उकार, दुसरा उकार. शब्दाच्या शेवटी वेलांटी आली तर ती दुसरी, म्हणजे दीर्घ. फक्त ‘आणि’ची पहिली. शेवटचं अक्षर नुसतं असेल, तर त्याच्या आधीचं दीर्घ : फूल, मूल, बंदूक.

“आणि ‘फुलं’?” भिंगरीनं विचारलं.

“तिथं ऱ्हस्व.”

“का? फुलं तर जास्त असतात. मग उकार लहान का होतो?”

“नियम आहे.”

“आणि ‘मूल’ दीर्घ, मग ‘मुलगी’ ऱ्हस्व का?”

“तोही नियमच आहे, बाळा.”

भिंगरीनं थोडा वेळ पाय हलवायचे थांबवले. मुलगी झाली की आखूड व्हायचं, हे तिला काही फारसं पटलेलं दिसलं नाही. पण ती सात वर्षांची होती आणि वडील वेलांटीसाहेब होते. वादाचा निकाल आधीच लागलेला होता.

वडिलांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. ते तिच्यावर कधी ओरडले नाहीत. हात उगारणं तर सोडाच, आवाजसुद्धा चढवला नाही, आणि याचा त्यांना अभिमानही होता. चूक दिसली की ते फक्त जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ करायचे. इतकं हळू, की त्यांचं त्यांनाही ऐकू यायचं नाही. वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर आणि मग संगणकाच्या पडद्यावर डोळे रोखून बसताना लागलेली ती सवय. मग ते त्या शब्दाभोवती गोल काढायचे, नियम सांगायचे आणि प्रेमानं तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे.

भिंगरी लिहिताना कागदाकडे कमी आणि त्यांच्या जिभेकडे जास्त बघते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

आता घरात आणखी एक लिखाण चालायचं. आई पहाटे जायची म्हणून भिंगरी रात्री झोपताना तिच्यासाठी चिठ्ठी लिहून फ्रीजच्या दारावर लावायची. ‘आइ तु हळु चालव. मि उद्या लवकर उठनार आहे आनि तूला टाटा करनार.’ अशा त्या चिठ्ठ्या. उठायची ती कधीच नाही, पण आई त्या चिठ्ठ्या घडी करून गणवेशाच्या खिशात ठेवायची आणि सिग्नलला काढून वाचायची. सराव सुरू झाल्यावर एका पहाटे तिला चिठ्ठीवर पेन्सिलीचे गोल दिसले. सहा ओळींत अकरा.

“ती चिठ्ठी माझी होती,” दुपारी ती नवऱ्याला म्हणाली.

“म्हणून तर. इतकी अशुद्ध चिठ्ठी तुझ्यापर्यंत मी जाऊ कशी देऊ?”

“मला ती तशीच कळत होती.”

“कळतं सगळ्यांनाच. कळणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं.”

या वाक्यावर ते स्वतःच इतके खूश झाले, की बायकोनं पुढं बोलायचा नाद सोडला.

आणि मग चमत्कार झाला. भिंगरीच्या चुका कमी होऊ लागल्या. सांगितलेले शब्द अजून चुकायचे, पण तिनं स्वतःहून लिहिलेल्या मजकुरात गोल काढायला जागाच सापडेना. चिठ्ठ्या आखूड झाल्या, पण काय त्या नेटक्या! ‘मम्मा, डबा छान. गाजर नको.’ ‘मम्मा, दात हलतो.’ ‘मम्मा, आज शाळा आहे. लवकर ये.’

“ही मला मम्मा कधीपासून म्हणायला लागली?” आईनं विचारलं.

“शाळेत सगळ्याच म्हणत असतील. वय असतं.”

“बोलताना तर आईच म्हणते.”

“लिहिण्याची भाषा वेगळी असते,” वेलांटीसाहेब म्हणाले. “आणि एक पाहिलंस का? हल्ली ती ‘आणि’ लिहीत नाही, ‘व’ लिहिते. ‘पाव व जाम’. केवढी प्रौढ भाषा! मोठमोठे संपादक असं लिहितात.”

आईनं चिठ्ठी फ्रीजच्या दारावर परत लावली. तिला संपादक नको होता. चिठ्ठ्या घडी करून खिशात ठेवायचं तिनं थांबवलं, एवढं खरं.

सहामाहीला बाईंनी वर्गात निबंध लिहायला दिला. विषय घरातल्या माणसाचा. माणूस ज्यानं त्यानं निवडायचा. भिंगरीनं वडील निवडले. निबंध घरी आला तेव्हा त्यावर एकही लाल खूण नव्हती, वर कोपऱ्यात मात्र एक चांदणी होती. वेलांटीसाहेबांनी तो चारदा तपासला. दोनदा पुढून, दोनदा शेवटाकडून सुरुवातीकडे, कारण मुरलेला मुद्रितशोधक अर्थाच्या नादी लागू नये म्हणून मजकूर उलटाही वाचतो. एक चूक नाही. त्यांचे डोळे भरून आले.

पाठोपाठ शाळेतून फोन आला. मोठ्या बाई स्वतः बोलत होत्या. पालकसभेत ‘घरी शुद्धलेखनाचा सराव कसा घ्यावा’ यावर आपण चार शब्द सांगाल का?

“चारच का?” बायको म्हणाली. “तू तर घरभर चिकटवलेत.”

पण आदल्या रात्री तिनंच त्यांच्या शर्टाला इस्त्री करून दिली.

शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये पालक मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. वर्गबाईंनी ओळख करून दिली. “यांची नजर फार बारीक आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्या शेऱ्यांचीसुद्धा यांच्या नजरेतून सुटका नाही.” सगळे हसले. वेलांटीसाहेबही हसले, हा टोमणा आहे हे त्यांना घरी गेल्यावर कळायचं होतं. मग त्यांनी पट्ट्यांबद्दल सांगितलं, रोजच्या बैठकीबद्दल सांगितलं, आवाज न चढवण्याबद्दल तर दोनदा सांगितलं. पालक लिहून घेत होते. पहिल्या रांगेतला एक औषधविक्रेता तर इतक्या वेगानं लिहीत होता, की वेलांटीसाहेबांना त्याच्या शुद्धलेखनाची काळजी वाटली.

“आता नमुना म्हणून माझ्या मुलीचा निबंध वाचतो,” ते म्हणाले, आणि त्यांनी कागद उघडला.

“माझे बाबा. माझे बाबा घरात काम करतात. बाबा सतत वाचतात. बाबांचा चष्मा जाड आहे. बाबांना सगळं कळतं.”

हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली.

“बाबांना व मला सराव आवडतो. सराव झाला तर बाबा हसतात. असे बाबा सगळ्यांना हवेत.”

टाळ्या पडल्या. टाळ्या पडत असताना वेलांटीसाहेब कागदाकडे बघत होते. आता वाचायचं काही उरलं नव्हतं, तपासायचंही नव्हतं. त्यामुळे पहिल्यांदाच ते नुसतं बघत होते. आणि त्यांना काहीतरी खटकलं. पान फार सपाट दिसत होतं. सगळे पतंग उतरवून घेतल्यावर आभाळ दिसतं तसं. त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं. ओळीच्या वर मात्रा होत्या, अनुस्वार होते. वेलांटी नव्हती. पहिली नाही, दुसरी नाही. ओळीच्या खाली एकही उकार लोंबत नव्हता. शीर्षकापासून शेवटच्या ‘हवेत’पर्यंत, अख्ख्या पानात, एकसुद्धा नाही.

मग त्यांना ‘मम्मा’ आठवली. मग ‘पाव व जाम’.

टाळ्या थांबल्या होत्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. पण माणूस धंद्याशी प्रामाणिक. चूक दिसली की सांगितल्याशिवाय राहवत नाही, मग ती कुणाचीही असो.

“एक सांगायचं राहिलं,” ते म्हणाले. “या निबंधात एकही वेलांटी नाही. एकही उकार नाही. तिनं ते सगळे शब्द टाळलेत.”

पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग औषधविक्रेता म्हणाला, “वा!”

“नाही, वा नाही. म्हणजे असं बघा, ती घाबरली. माझ्यामुळे.”

“म्हणजे मुलांची भीती घालवायची, तर आधी बिनवेलांटीचे शब्द घ्यायचे,” एक बाई शेजारणीला समजावून सांगू लागली. “किती सोपं आहे बघ.”

“अहो, माझं ऐका. ही पद्धत नाही. हे चुकलंय.”

“मोठी माणसं अशीच बोलतात,” मोठ्या बाई उठून म्हणाल्या. “स्वतःकडे श्रेय घेत नाहीत. आपण त्यांचे आभार मानू या.” आणि पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात. औषधविक्रेत्यानं ‘वेलांटी टाळणे’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

भिंगरी बाहेर झोपाळ्यावर बसली होती. बापलेक चालत घरी निघाले. रस्त्यात बेकरी लागली तेव्हा त्यांनी तिला बिस्किटांचा पुडा घेऊन दिला आणि तिच्या तोंडात दोन बिस्किटं असताना विचारलं, कारण तेव्हा तिला फार विचार करून उत्तर देता येणार नव्हतं.

“भिंगरे, तू चिठ्ठीत ‘आई’ का लिहीत नाहीस गं?”

“त्यात ई आहे ना.”

“मग?”

“ती लहान की मोठी, ते मला आठवत नाही. मम्मामध्ये काहीच नाही.” तिनं बिस्कीट गिळलं. “‘आणि’मध्ये पण आहे. ‘व’मध्ये नाही. ‘व’ एकदम सोप्पा आहे.”

“आणि निबंधात? ते सगळं तुझ्या मनातलं होतं ना?”

“हो. फक्त एक नव्हतं.”

“कुठलं?”

तिनं त्यांच्याकडे वर पाहिलं. नेहमीप्रमाणे डोळ्यांत नव्हे, जिभेकडे.

“मला लिहायचं होतं, ‘मला सराव आवडत नाही.’ पण ‘नाही’ला वेलांटी आहे. मग मी ‘आवडतो’ लिहिलं.”

वेलांटीसाहेब चालता चालता थांबले. मागून येणारा सायकलवाला त्यांना चुकवताना काहीतरी पुटपुटत गेला. त्यांनी तिच्या पुड्यातलं एक बिस्कीट घेतलं आणि खाल्लं.

बायकोला त्यांनी दुपारी सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं ती चिडेल. ती ऐकता ऐकता खुर्चीवर बसली, मग खुर्चीवरून खाली फरशीवर बसली आणि पोट धरधरून हसली. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि ते बराच वेळ पुसत राहिली.

“म्हणजे एवढे दिवस मला वाटत होतं, मी हिला परकी झाले,” ती म्हणाली. “आणि मी नुसती अवघड झाले होते.”

दुसऱ्या दिवशी वेलांटीसाहेबांनी घरातल्या सगळ्या पट्ट्या काढल्या. काही निघाल्या, काहींनी भिंतीचा रंग सोबत नेला. भिंगरीला समोर बसवून ते म्हणाले, “आजपासून सराव बंद. तू बिनधास्त लिही. चुकलं तरी चालेल.”

भिंगरीनं संशयानं त्यांच्याकडे पाहिलं. “ही परीक्षा आहे का?”

“नाही गं. चुकायचंच असं समज. मी काही म्हणणार नाही.”

“मग मी चूक लिहिलं तर ते बरोबर, आणि बरोबर लिहिलं तर चूक?”

या प्रश्नाला त्यांच्याकडे नियम नव्हता. भिंगरीनं सुरक्षित मार्ग धरला. तिनं ‘घर’ लिहिलं आणि वही मिटली.

मग त्यांनी ठरवलं, आपण स्वतःच चुकून दाखवू. त्यांनी कागद घेतला, ‘पाणी’ लिहायला सुरुवात केली आणि णच्या अलीकडे पेन्सिल आणून थांबले. पहिली वेलांटी काढायची होती, बस. हात काही वळेना. कपाळावर घाम आला. अखेर डोळे मिटून त्यांनी ती काढली आणि कागद हसतमुखानं लेकीपुढे सरकवला. भिंगरीनं शब्द पाहिला, मग त्यांचा चेहरा पाहिला, मग उठून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला आणि आईला हाक मारली : “आई, लवकर ये! बाबाला बरं नाहीये!”

इकडे शाळेत त्यांची पद्धत जोरात चालू होती. औषधविक्रेत्यानं बिनवेलांटीच्या शब्दांचं छोटं पत्रक काढून पालकांत वाटलं होतं. बाईंनी फळ्यावर ‘माझा आवडता प्राणी’ असा विषय लिहिला, तर निम्म्या वर्गाला घोडा आवडत होता आणि उरलेल्यांना ससा किंवा वाघ. हत्ती, सिंह, कुत्रा, चिमणी ही मंडळी त्या वर्गातून नाहीशीच झाली. चुका इतक्या कमी झाल्या, की मोठ्या बाईंनी वार्षिक अहवालात तसं लिहिलं आणि तो अहवाल तपासायला वेलांटीसाहेबांकडेच पाठवला. त्यांनी फोन करून खरं काय ते पुन्हा सांगायचा प्रयत्न केला.

“निकाल बघा हो,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आता आमच्या दुसऱ्या शाखेतही तुम्हाला बोलवायचं ठरलंय.”

घरात मात्र बापलेक एकमेकांभोवती पाय न वाजवता वावरत होते. ती लिहीत नव्हती, ते विचारत नव्हते. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, दुपारची ड्यूटी लागलेली असताना, बायकोनंच दोघांना हाताला धरून बाहेर काढलं. “घरात बसून एकमेकांचं तोंड बघू नका. माझ्या बसमध्ये बसा. तिकीट काढा, शेवटच्या स्टॉपपर्यंत या, परत या. ड्रायव्हरशी बोलायचं नाही, पाटी वाचा.”

दोघं मागच्या दाराजवळच्या सीटवर बसले. हवेत गारठा होता आणि काचांवर वाफ धरली होती. दार उघडताना फुस्स करायचं, बंद होताना टुक. भिंगरी दोन-तीन स्टॉप ते ऐकत राहिली.

“दारात काहीतरी राहतं,” ती म्हणाली.

“काय राहतं?”

“फुसटुक.”

“ते काय असतं?”

“लहान असतं. बोटाएवढं. दार उघडलं की श्वास सोडतं आणि बंद झालं की आत डोकं आपटतं.” पुढच्या स्टॉपला दोघांनी कान लावला. फुस्स. टुक. खरंच कुणीतरी डोकं आपटल्यासारखं वाटलं, आणि वेलांटीसाहेबांना हसू आलं. त्यांनी हसता हसता सवयीनं काचेकडे बोट नेलं, वाफेवर ‘फुस’ लिहिलं आणि ‘ट’वर येऊन थांबले.

भिंगरी पुढं झुकली. “पहिला उकार की दुसरा?”

“नियमानं बघितलं तर दुसरा. बंदूकसारखा. पण...” ते घुटमळले. “शब्दकोशात बघावं लागेल.”

“शब्दकोशात नाहीये तो. मी आत्ताच केलाय.”

हे बिनतोड होतं. वेलांटीसाहेबांनी काचेवरचं बोट मागं घेतलं.

“मग मला माहीत नाही,” ते म्हणाले.

भिंगरी त्यांच्याकडे बघतच राहिली. “तुला माहीत नाही?”

“नाही गं. मला कसं माहीत असणार? शब्द तुझा आहे. तूच सांग.”

ती सीटवर गुडघ्यांवर उभी राहिली. आधी तिनं दाराकडे बघितलं, आत कोण राहतं त्याचा अंदाज घेतल्यासारखं. मग बोट ‘ट’खाली नेलं आणि एक छोटासा, गच्च वळलेला पहिला उकार काढला. “पहिला. कारण तो लहान आहे. दुसरा काढला तर तो दारात मावणार नाही.” शेजारी क लिहिला. थोडं मागं सरकून तिनं शब्द पाहिला आणि मग कुणी न सांगता त्याच्याखाली आणखी एक लिहिला : ‘फुसटुकची आई’. ‘ई’पाशी ती थबकली नाही. “ही मोठी. कारण आईच मोठी असते ना,” ती स्वतःशीच म्हणाली आणि मग फुसटुकचा भाऊ, फुसटुकची खुर्ची, फुसटुकची उशी असं लिहीत खिडकीची काच भरून टाकू लागली. उशीला तिनं पहिली वेलांटी दिली, कारण उशी चपटी होती. वेलांटीसाहेबांची जीभ टाळ्याकडे निघाली. त्यांनी ती दातांखाली धरली आणि चांगली कचकचून धरली.

पुढच्या स्टॉपला एक वयस्कर गृहस्थ चढले. हातात घडी केलेलं वर्तमानपत्र, खिशाला दोन पेनं. समोरच्या सीटवर बसून त्यांनी काच वाचली. एकदा वाचली, चष्मा सारखा करून पुन्हा वाचली आणि त्यांना राहवलं नाही.

“बाळ,” ते पुढं वाकून म्हणाले, “इथं थोडं चुकलंय हं तुझं. शेवटचं अक्षर नुसतं असलं, की आधीचा उकार दीर्घ. बंदूक, संदूक, तसं फुसटूक.”

भिंगरीचं बोट काचेवर थिजलं. तिनं हळूच मान वळवून वडिलांकडे पाहिलं.

वेलांटीसाहेबांनी घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि वर्तमानपत्रात असताना मालकांशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “आपला गैरसमज होतोय. एरवी आपला नियम बरोबर आहे, पण फुसटुक ऱ्हस्वच असतो.”

“असं? मी कधी ऐकलं नाही.”

“अपवाद आहे. मी मुद्रितशोधक आहे. वर्षानुवर्षं हेच काम करतोय.”

“अच्छा, अच्छा,” गृहस्थ ओशाळून म्हणाले. त्यांनी खिशातलं पेन काढलं, वर्तमानपत्राच्या समासात तो शब्द ऱ्हस्व उकारानं नीट उतरवून घेतला आणि जरा वेळानं पुन्हा पुढं वाकून विचारलं, “आणि अर्थ काय होतो म्हणालात याचा?”

“ते,” वेलांटीसाहेब लेकीकडे हात करून म्हणाले, “यांना विचारा.”